शेवाळाचे घड्याळ

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेत 'शेक', सांगितला की घरचे हमखास विचारतात, "डॉक्टर, रोज खेपा कशाला? एकदाच काय तो देऊन टाका ना!" या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा चक्क शेवाळापर्यंत जातो.

पेशी जन्मते, वाढते, आपल्या डीएनएची नक्कल करते, जरा थांबते आणि मग दुभंगते. पेशीचक्राचे हे टप्पे १९५३ साली लंडनमध्ये आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी एका शेंगवर्गीय झाडाच्या मुळांवरून मांडले. पुढे हॉवर्ड यांनी ईडोगोनियम या तंतुमय शेवाळावर किरणांचे प्रयोग केले.

शेवाळच का? एरवी हजारो पेशींपैकी प्रत्येकीची वेळ निराळी. पण क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शेवाळ बारा तास उजेडात आणि बारा तास अंधारात ठेवले, की सगळ्या पेशी पावलाला पाऊल जुळवून चालतात. दिवसा वाढतात, रात्री विभागतात. मग दर काही तासांनी थोड्या पेशी घ्यायच्या, तेवढीच मात्रा द्यायची आणि किती जगल्या ते मोजायचे. मात्रा तीच, पण मरणाऱ्यांचे प्रमाण वेळेनुसार बदलते.

असे का होते? वाढीच्या काळात या पेशीजवळ डीएनएची एकच प्रत असते. एकुलत्या वहीचे पान फाटले तर मजकूर कुठून आणणार? नक्कल झाल्यावर मात्र दुसरी प्रत बघून दुरुस्ती करता येते. ऐन विभाजनात तर दुरुस्तीला उसंतच नसते. प्राण्यांच्या पेशींतही सर्वसाधारणपणे विभाजनाच्या सुमारास धोका सर्वाधिक, तर नक्कल पूर्ण होत आली असताना सर्वांत कमी असतो.

आता गाठीकडे वळू. तिथल्या पेशींना कोणी उजेड-अंधाराची शिस्त लावलेली नसते. आजच्या मात्रेतून निभावलेल्या पेशी पुढे सरकतात आणि नंतरच्या एखाद्या मात्रेत नाजूक अवस्थेत सापडतात. शिवाय मधल्या वेळात आजूबाजूच्या निरोगी पेशींना सावरायला अवधी मिळतो.

म्हणून श्रोतेहो, आपल्या माणसाची एखादी खेप कंटाळ्याने चुकवू नका. अडचण आलीच तर आधी डॉक्टरांना सांगा. ते वेळापत्रक पेशींचे घड्याळ पाहून आखलेले असते.