मेंदूतील वीज आणि फेफरे



फेफरे हा शब्द निघाला की आपल्याकडे माणसे आवाज खाली आणतात. कोणी मिरगी म्हणतो, कोणी फिट, वैद्यकात त्याला अपस्मार म्हणतात. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. तरीही रोगी आधी देवऋष्याकडे जातो आणि मग डॉक्टरकडे. अलीकडे त्यात एका नव्या आशेची भर पडली आहे. ‘मेंदूला करंट देऊन फेफरे थांबते’ असे लोक मोबाईलवर पाहतात, आणि एखादा शेतकरी बाप विचारतो, “सर, एकरभर विकलं, तर पोराला ते मशीन बसंल का?” मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात मानसशास्त्र शिकवितो. परंतु हा प्रश्न मला सोडवत नाही, म्हणून आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. करंट म्हटले की लोकांना वेड्यांच्या इस्पितळातला शॉक आठवतो. तो उपचार निराळा. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो प्रथम माणसावर केला, आणि गंमत अशी की, त्यात वीज देऊन मुद्दाम झटका आणतात! तीव्र नैराश्यात त्याचा आजही उपयोग होतो. आपला विषय नेमका उलटा आहे: येणारा झटका विजेने अडवावयाचा.

पण मुळात मेंदूत वीज असते का? असते. आपल्या कोपरगावच्या आठवडे बाजारात जरा लांब उभे राहून ऐका. हजार माणसे हजार गोष्टी बोलत असतात आणि आपल्याला नुसता गलबला ऐकू येतो. मेंदूतल्या पेशींचे तसेच आहे. प्रत्येक पेशी अगदी सूक्ष्म विजेच्या साह्याने शेजारणीशी बोलते. आता कल्पना करा, की बाजाराच्या एका कोपऱ्यातली माणसे एकाच ठेक्यावर ओरडू लागली आणि बघता बघता सारा बाजार तोच ठेका धरून ओरडू लागला. भाजीचा भाव कोणाला ऐकू येणार? फेफरे म्हणजे हे असे. मेंदूच्या ज्या भागात तो ठेका पोहोचतो, त्या भागाचे काम बिघडते. हात उडतो, नजर थिजते, शुद्ध हरपते.

जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ही वीज प्रथम टिपली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. तीच ‘ईईजी’ची तपासणी आता आपल्याला नाशिकला किंवा अहिल्यानगरला करून मिळते. तिच्यात डोक्याला तारा लावतात त्या ऐकण्यासाठी. वीज आत सोडीत नाहीत, बरं का! ती आत सोडण्याचा प्रयोग त्याआधीचा. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्सिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला वीज लावली तेव्हा त्याचा पाय हलला; आणि वीज वाढली तेव्हा त्याला झटकाही आला. म्हणजे विजेने झटका येतो हे आधी कळले, विजेने तो आवरता येतो हे कळायला शतक जावे लागले.

आज हे तीन तऱ्हांनी करतात. पहिलीत छातीच्या कातडीखाली घड्याळाएवढी बॅटरी बसवून तिची तार मानेतल्या एका मोठ्या मज्जातंतूला गुंडाळतात. झटक्याची चाहूल लागली, की रोग्याने किंवा घरच्यांनी बॅटरीवरून लोहचुंबक फिरवावयाचे, की जादा ठोका जातो. अमेरिकेत हिला १९९७ साली मान्यता मिळाली. दुसरीत यंत्र कवटीत बसते, मेंदूचा गलबला सतत ऐकते आणि ठेका सुरू होताच लहानसा ठोका देऊन तो मोडते. हिची मान्यता २०१३ ची. तिसरीत बारीक तारा थेट मेंदूच्या गाभ्यात, थॅलॅमसमध्ये सोडतात. आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात गेल्या शतकाच्या अखेरीपासून कंपवातासाठी अशाच तारा, पण मेंदूच्या दुसऱ्या जागी, बसवीत आले आहेत.

यांचा गुण किती? थॅलॅमसच्या उपायाची ११० रोग्यांवर चाचणी झाली, तिचा अहवाल २०१० साली आला. दोन वर्षांनी झटके निम्म्याहून थोडे अधिक घटले होते. सहा महिने किंवा अधिक काळ एकही झटका न आलेले रोगी होते अवघे चौदा. अमेरिकेत २०१८ साली या उपायाला मान्यता मिळाली, तीही प्रौढांसाठी, आणि औषधे हरल्यावरच. म्हणजे झटके कमी होतात; मुळापासून जाणे विरळा. गोळ्या चालूच राहतात, खर्च लाखांत, आणि बॅटरी संपली की ती पुन्हा बदलावयाची. झटका मेंदूच्या एकाच ठिकाणाहून उठत असेल, तर तो भाग काढणे अनेकदा अधिक गुणकारी ठरते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होते.

म्हणून त्या बापाला मी उलट विचारतो, “गोळ्या किती दिवस दिल्या, आणि मध्ये किती वेळा सोडल्या?” जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शंभरातील सत्तर रोग्यांचे झटके योग्य गोळ्यांनी थांबू शकतात. चार महिने झटका आला नाही, की ‘बरं झालं’ म्हणून गोळी बंद करतात, आणि मग पोरगा पाटाच्या कडेला पडतो. दोन योग्य औषधे पुऱ्या मात्रेत, नेमाने घेऊनही झटके थांबले नाहीत, तरच मेंदूच्या तज्ज्ञाला यंत्राविषयी विचारावे. तोवर एकर राहू द्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात फेफरे ही लग्नाला आड येणारी बाब ठरली होती. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला. सोयरिकीच्या बैठकीत मात्र तो अजून तसाच आहे, आणि त्या भीतीपायी मुलीची गोळी चोरून दिली जाते, कधी दिलीही जात नाही.

शिक्षकांनो, वर्गात झटका आला तर कांदा शोधू नका. कांद्याला आपल्या तालुक्यात तोटा नाही, पण त्याच्या वासाने मेंदूतला ठेका थांबत नाही. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबू नका. आजूबाजूची बाके सरकवा, मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबले नाही, तर १०८ ला फोन करा. एखाद्याने मोबाईलवर चित्रण करून ठेवले तर ते पालकांच्या हाती द्या. डॉक्टरला ते फार उपयोगी पडते.