आखाजीच्या आत
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आपल्या खानदेशात शेतीचं वर्ष बदलतं. जुन्या सालदाराचा हिशेब मिटतो, नव्याचं साल ठरतं. मग पारावर भेटेल तो पावसाआधी एकच विचारतो, 'अनुदान उनं का?', म्हणजे आलं का?

पीक गेल्यावर मिळणाऱ्या या पैशाला आपण नुकसानभरपाई म्हणतो. शासन निर्णयातला शब्द वेगळा आहे: निविष्ठा अनुदान. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. गेलेल्या पिकाची किंमत सरकार देत नाही. पुढचा हंगाम उभा राहावा म्हणून हात देतं. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, तरच.

दर पाहा. 2022 मध्ये ठरलेल्या केंद्राच्या निकषात हेक्टरी जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. त्याच वर्षी राज्याने ते 13,600, 27,000 आणि 36,000 केले, मर्यादा तीन हेक्टर. मे 2025 मध्ये पुन्हा केंद्राचे दर आले. ऑक्टोबरात, पुरानंतर, तीन हेक्टरची मर्यादा परत आली आणि रब्बीसाठी हेक्टरी 10,000 वेगळे जाहीर झाले.

आता 8,500 चा एकरी हिशेब करू. साधारण 3,440 रुपये. 2025 मध्ये कपाशीच्या बीटी बियाण्याची थैली 901 रुपयांना होती. एकराला दोन थैल्या, एक गोणी डीएपी 1,350 ची. उरले 288. म्हणजे पेरणीपुरतं भागतं. पण हे पैसे मृगाआधी हातात असले तरच. पोळ्याला आले, तर तोवर बी उधारीवर पेरून झालेलं असतं आणि अनुदान दुकानदाराच्या वहीत जातं.

रावेर-यावलच्या केळीला तेवढाही आधार नाही. पाच बाय पाच फुटांवर हेक्टरी सुमारे 4,400 झाडं बसतात. 22,500 भागिले 4,400, झाडामागे पाच रुपये. टिश्यूकल्चरचं नुसतं रोप त्याच्या दुपटीहून महाग. मे-जूनच्या वावटळीत घडासकट आडवी झालेली बाग साफ करायची मजुरी वेगळीच.

1938 साली पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला, तेव्हा साने गुरुजी शेतसारा माफीसाठी झटले.  तेव्हाचं मागणं होतं, घेऊ नका. आजचं मागणं आहे, द्या. न घ्यायला एक हुकूम पुरतो. द्यायला यादी लागते.

यादीचा प्रवास तुम्हाला पाठ आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचा पंचनामा, तहसीलची छाननी, पोर्टल, विशिष्ट क्रमांक, केवायसी, मग आधार जोडलेलं खातं. माझ्या ओळखीच्या एका घरात सातबारा तीन भावांचा सामायिक. धाकटा सुरतेला मिलमध्ये. त्याच्या संमतीपत्रावरच्या सहीसाठी थोरला रात्रीच्या गाडीने सुरतेच्या उधन्याला जाऊन आला. तिकिटाचा खर्च आणि दोन दिवसांचा रोज बुडाला. बरं, थोरल्याचं नाव निदान सातबाऱ्यावर होतं. निम्म्या वाट्याने शेत कसणाऱ्याचं नाव तिथे नसतंच. पीक त्याचं जातं, पैसा मालकाच्या खात्यावर येतो.

छाननी नको, असं मी म्हणत नाही. सार्वजनिक पैसा आहे, खोटी नावंही घुसतात. पण आपण मोर्चे काढतो ते रकमेसाठी. तारखेसाठी कोणी काढत नाही. सोसायटीचं कर्ज 31 मार्चच्या आत भरायचं, खरिपाचा विमा 31 जुलैच्या आत उतरवायचा, हे आपल्याला बजावून सांगितलं जातं. एका दिवसाने चुकलो तर व्याजाची सवलत जाते. पेरणीसाठी म्हणून द्यायच्या पैशाला मात्र शेवटची तारीख नाही.

शब्द सरकारनेच निवडला आहे: निविष्ठा. आपण तो धरून ठेवू. खरिपात पीक गेलं असेल, तर पैसा येत्या आखाजीच्या आत. सालदाराला आपण त्याच दिवशी साल मोजून देतो. उद्या ये, असं त्याला सांगून बघा, नांगराला कोण हात लावतो ते.