घरची बेगमी आणि समाजाचे कोठार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी घरात चार महिन्यांचे धान्य, डाळी, मीठ-मिरची, सांडगे-पापड आणि वाळलेले सरपण भरून ठेवावे, हा महाराष्ट्रातील कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. कोकणात त्याला आगोटीची तयारी म्हणतात, देशावर पावसाळ्याची बेगमी. कणगी, बळद, पेव, उतरंड हे शब्द ज्या भाषेत रुजले, त्या भाषेच्या समाजाला साठवणीचे महत्त्व परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. तरीही आज हा विषय नव्या स्वरूपात पुढे आला आहे. जर्मन सरकारने २०१६ मध्ये नागरिकांना दहा दिवस पुरेल एवढे अन्न घरी ठेवण्याचा सल्ला दिला. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाने प्रत्येक घर किमान ७२ तास स्वतःच्या बळावर तग धरू शकले पाहिजे, असे धोरण जाहीर केले. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आपल्याकडेही उत्तरेत वाणसामानाच्या दुकानांत गर्दी लोटली, आणि धान्याचा साठा मुबलक आहे, घबराटीने खरेदी करू नका, असे केंद्र सरकारला सांगावे लागले.

संकटकाळासाठी घरात शिधा असावा, या सल्ल्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो हा सल्ला पाळणे कोणाला शक्य आहे, आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांच्या अन्नाची हमी कोणी घ्यायची, याचा. हा प्रश्न गृहव्यवस्थेचा नसून अर्थव्यवस्थेचा आहे, आणि म्हणूनच राजकारणाचा आहे.

प्रथम तीन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. बेगमी, घबराटीची खरेदी आणि साठेबाजी या तिन्हींत माल दडून राहतो. पण त्यांचा समाजावर होणारा परिणाम एक नाही. बेगमी करणारे कुटुंब सुगीनंतर, बाजारात आवक भरपूर आणि भाव उतरलेले असताना खरेदी करते आणि टंचाईच्या महिन्यांत बाजारात जात नाही. त्यामुळे सुगीत भाव फार कोसळत नाहीत आणि पावसाळ्यात फार चढत नाहीत. म्हणजे या कुटुंबाचे हित आणि समाजाचे हित एकाच दिशेने जाते. घबराटीत हाच क्रम उलटा होतो. माल कमी आणि भाव चढे असताना सगळेच एकदम बाजारात उतरतात. एखाद्या महानगरात पंचवीस लाख कुटुंबे आहेत असे धरले आणि प्रत्येकाने एका दिवशी केवळ दहा किलो धान्य जादा घेतले, तर पंचवीस हजार टनांची मागणी एकाएकी उभी राहते. कोणत्याही शहराच्या दुकानांतील फळ्या एवढा भार सोसू शकत नाहीत. प्रत्येक कुटुंबाची कृती त्याच्यापुरती शहाणपणाची, पण सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र टंचाई! नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत मिठाच्या टंचाईची अफवा उठली आणि काही ठिकाणी मीठ किलोला दोनशे रुपयांवर विकले गेले. एवढा लांब समुद्रकिनारा आणि कच्छच्या रणातील मिठागरे असलेल्या देशात ही गोष्ट घडली. तिसरा प्रकार साठेबाजीचा. तिथे माल खाण्यासाठी घेतलेला नसतो, दुसऱ्याच्या भुकेची वाट पाहण्यासाठी घेतलेला असतो. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा याच प्रवृत्तीला आवर घालण्यासाठी आहे. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती करून, नाशवंत नसलेल्या मालाचे भाव पन्नास टक्के चढेपर्यंत साठ्यावर मर्यादा घालता येऊ नये, अशी तरतूद करण्यात आली होती. शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये अन्य दोन कायद्यांबरोबर तीही रद्द झाली, हे विसरता कामा नये.

आता बेगमी कोण करू शकतो, हे पाहू. बेगमीला तीन गोष्टी लागतात : एकरकमी पैसा, जागा आणि श्रम. रोजंदारीवर जगणारे कुटुंब संध्याकाळी हाती आलेल्या मजुरीतून पाव किलो तेल, दोन किलो पीठ आणि थोडी डाळ घेते. सुट्या खरेदीत त्याला किलोमागे भाव अधिक पडतो. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्याला धान्य महाग. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे कणगीला कोपरा कुठून मिळायचा? आणि श्रमांचे म्हणाल तर ते बहुतांशी स्त्रियांचे. गहू निवडून उन्हे देणे, डाळीला एरंडेल चोळणे, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे, पावसाळ्यात पोरकिडे बघत राहणे, हे काम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली. ती मध्यरात्रीपासून लागू झाली. त्या चार तासांत ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी घरे भरली, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी पुढच्या काही दिवसांत गावाकडे चालायला सुरुवात केली. हजारो मैलांचे ते तांडे बेफिकिरीमुळे रस्त्यावर आले नव्हते. दोन आठवड्यांचा शिधा घरात ठेवण्याइतके वेतन त्यांना कधी मिळालेच नव्हते. बेगमीचा उपदेश करणाऱ्याने आधी वेतनाचा प्रश्न विचारला पाहिजे.

घरच्या साठ्याची आणखी एक मर्यादा आहे आणि ती सधन कुटुंबालाही चुकत नाही. ज्या घरावर संकट कोसळते त्याच घरात साठा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदी घरे कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. धान्य होते, पण ते माणसांबरोबर ढिगाऱ्याखाली गेले होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या आणि झोपड्यांतल्या कुटुंबांचा शिधा पाण्यात गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात कोल्हापूर-सांगलीच्या गावांत तेच झाले. सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध. शतकभर टिकलेल्या त्या पेवांपैकी अनेकांत महापुराचे पाणी शिरले आणि ती निकामी झाली. विम्याचे मूलतत्त्व असे की, धोका अनेकांत वाटला गेला तरच तो झेलता येतो. प्रत्येकाने आपापला साठा आपापल्या छपराखाली ठेवणे म्हणजे धोका न वाटता त्याचे केवळ तुकडे करणे होय. पूर सांगलीत आला असता मराठवाड्यातील गोदामातून धान्य येऊ शकते, ही सोय फक्त समाजाच्या कोठारात आहे.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने हाच धडा अत्यंत क्रूरपणे शिकवला. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्ये सदतीस रुपयांवर गेला. त्या वर्षी धान्य होतेच किती? अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, १९४३ मधील उपलब्धता आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होती, आणि ज्या १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही त्या वर्षापेक्षा ती अधिक होती. युद्धोद्योगातील कामगारांसाठी मालकांच्या संघटनांमार्फत स्वस्त धान्याची तजवीज झाली. शेतमजूर, कोळी, नावाडी मात्र वाढत्या भावापुढे निराधार उरले. सरकारचे म्हणणे असे की, धान्य घराघरांत दडवलेले आहे. जून १९४३ मध्ये खेडोपाडी घरांची झडती घेण्याची मोहीम निघाली. कलकत्ता आणि हावडा मात्र तिच्यातून वगळण्यात आले होते! झडतीत दुष्काळ टळेल एवढे धान्य अर्थातच सापडले नाही. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या पंधरा लाख सांगितली. सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या आसपासचा आहे. साठा सामान्यांच्या घरात शोधायचा आणि बड्यांच्या वखारींकडे काणाडोळा करायचा, ही रीत साम्राज्याबरोबर संपली, असे कोणी समजू नये.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. १९७२ चा दुष्काळ पीकपाण्याच्या दृष्टीने भयंकर होता. परंतु मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मजुरी हातात पडत होती आणि रास्त भावाच्या दुकानातून, तांबडा मिलो का होईना, पोटात जात होता. बंगालसारखा नरसंहार येथे झाला नाही. यात सरकारइतकाच वाटा लोकांच्या चळवळींचा आहे. त्याच १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे निघाले. धान्य, तेल, साखर, रॉकेल रास्त भावाने मिळालेच पाहिजे, ही त्यांची मागणी होती. स्वतःचे डबे कसे भरावेत याची चिंता ज्यांच्यावर समाजाने टाकली होती, त्याच स्त्रियांनी ती चिंता सार्वजनिक केली. त्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आकाराला आला.

सरकारी कोठारे म्हणजे उंदीर, घुशी आणि भ्रष्टाचार, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप खोटा नाही. २००१ च्या मध्यास देशाच्या गोदामांत सुमारे सहा कोटी टन धान्य होते आणि अनेक राज्यांत माणसे उपाशी होती. त्यातूनच अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १ एप्रिल २०२० रोजीही अन्न महामंडळाकडे भाताखेरीज साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता, राखीव साठ्याच्या निकषाच्या दुपटीहून अधिक. शिधापत्रिका असलेल्यांना माणशी पाच किलो जादा धान्य देण्याची घोषणा २६ मार्चला झाली. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठीची घोषणा व्हायला मात्र १४ मे उजाडला. सात आठवडे! कोठार भरलेले असणे पुरेसे नाही, त्याचे दार कोणाच्या हक्काने उघडते हे महत्त्वाचे आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे उपाशी रयतेसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके जपली. लोकस्मृतीने घरची पेवे भरणाऱ्याला संत मानले नाही, कोठार उघडणाऱ्याला मानले. पण दामाजीच्या दयेवर विसंबण्याचे दिवस संपले आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दया जाऊन हक्क आला, हीच त्याची थोरवी.

हा हक्क आज दोन बाजूंनी पोखरला जात आहे. एक तर लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे; २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि त्यानंतर वाढलेली लोकसंख्या हिशेबाबाहेर राहिली. दुसरे म्हणजे धान्याऐवजी रोख रकमेचा मार्ग. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना सवलतीच्या भावाने माणशी पाच किलो धान्य मिळत असे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये देण्याचे ठरले, पुढे ती रक्कम १७० झाली. दीडशे रुपयांत पाच किलो म्हणजे किलोला तीस रुपये. भाव चढला की वाटा आपोआप घटतो. आणि संकटाच्या दिवशी, दुकानच रिकामे असताना, खात्यातील रक्कम शिजवता येत नाही. धान्याची हमी काढून घेऊन नागरिकाला घरी साठा करण्याचा सल्ला देणे, ही जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत आहे. फिनलंडसारखा देश नागरिकांना ७२ तासांची तयारी ठेवायला सांगतो खरे, पण त्याच्यामागे धान्याचे कित्येक महिन्यांचे सरकारी राखीव साठे उभे असतात. आपल्याकडे पहिले वाक्य उचलले जाते आणि दुसरे गाळले जाते.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? ज्याला शक्य आहे त्याने सुगीनंतर घरची बेगमी अवश्य करावी. अफवेच्या दिवशी मात्र दुकानाकडे धावू नये आणि इतरांनाही धावू देऊ नये. आपापल्या वस्तीतील रास्त भावाच्या दुकानाचा साठाफलक दर महिन्याला वाचावा, दक्षता समितीची बैठक होते की नाही हे विचारावे, आणि शिधापत्रिका नसलेल्या कुटुंबांची यादी संकट येण्याआधी तयार करून तहसीलदारापुढे ठेवावी. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या मेळघाट, भामरागडसारख्या भागांत जूनपूर्वी धान्य पोहोचले का, याची पाहणी मे महिन्यातच करावी. पूररेषेतील गावांसाठी उंच जागी सार्वजनिक गोदामाची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकांची योजना निघाली होती. सुगीत सर्वांनी भरायचे, अडीअडचणीत गरजूने उचलायचे आणि पुढच्या सुगीत परत भरायचे, ही तिच्यामागची कल्पना. ज्या गावात सहकारी सोसायटी जिवंत आहे, तिथे आपण होऊन तिचा प्रयोग करता येईल. चाळीस कुटुंबांनी प्रत्येकी पंचवीस किलो धान्य दिले तरी एक टन होते, आणि गावातील सर्वांत गरीब दहा घरांना दोन महिने त्याचा आधार होऊ शकतो.

या वर्षीच्या आगोटीपूर्वी निदान एका गावात हे काम उभे राहावे. त्याचा हिशेब चावडीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर लिहिला जावा.