उत्तर कोणत्या पत्त्यावरून गेलं?

कॉलेजच्या वाय-फायवर तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता, तेव्हा आत घ्यायचं की नाही हे ॲक्सेस पॉइंट स्वतः ठरवत नाही. तो रेडियस सर्व्हरला विचारतो. या विचारणेचे आज चालणारे नियम २००० साली आरएफसी २८६५ मध्ये लिहिले गेले. ही विचारणा यूडीपीवर, १८१२ नंबरच्या पोर्टवर चालते. सगळी गोम या यूडीपीत आहे.

समजा, सर्व्हरला दोन लॅन कार्डं आहेत. एकाचा आयपी १०.१.१.५, दुसऱ्याचा १०.१.२.५. ॲक्सेस पॉइंट आहे दुसऱ्या नेटवर्कात, पण त्याला सर्व्हरचा पत्ता दिलाय पहिला. विचारणा राउटरमार्गे नीट पोचते. सर्व्हर पासवर्ड तपासतो, लॉगमध्ये ‘ॲक्सेस-ॲक्सेप्ट’ उमटतं. आणि पोरं मात्र बाहेरच! मग पासवर्ड बदलले जातात, सर्टिफिकेट नवं घातलं जातं, सर्व्हर रीस्टार्ट होतो. फरक शून्य.

पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावला की उलगडा होतो. विचारणा आली १.५ ला, उत्तर निघालं २.५ वरून. सर्व्हर सगळ्या पत्त्यांवर ऐकत होता, तेव्हा उत्तरावर कोणता पत्ता घालायचा हे लिनक्सनं राउटिंग टेबल बघून ठरवलं, आणि थेट वाट होती दुसऱ्या कार्डाची. ॲक्सेस पॉइंटनं या पत्त्याला काही विचारलेलंच नव्हतं, म्हणून तो ते पॅकेट फेकून देतो. त्याची चूक नाहीच. टीसीपीत जोडणी आधीच ठरल्या पत्त्यांत बांधलेली असते, तिथं हा घोळ होत नाही. पॅकेट आलं त्याच कार्डानं परतीची वाट आहे का, हे बघणारी लिनक्सची ‘आरपी-फिल्टर’ तपासणी कडक असेल, तर विचारणा रेडियसपर्यंत पोचतही नाही.

इलाज सोपा आहे. फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर असेल, तर त्याच्या ‘लिसन’ विभागात ‘आयपीॲडर’पुढे चांदणी असते, तिथं नेमका पत्ता लिहा. दोन पत्ते हवेत तर दोन विभाग करा, आणि १८१३ वरचं अकाउंटिंग विसरू नका. फ्रीरेडियसमध्ये ‘यूडीपी-फ्रॉम-टू’ ही सोय आहे. ती चालू असेल तर ज्या पत्त्यावर विचारलं त्याच पत्त्यावरून उत्तर जातं. तरीही मी पत्ता लिहिणंच पसंत करतो. नंतर येणाऱ्या माणसाला फाइल उघडताच कळतं.

उलट्या बाजूनंही हेच होतं. ॲक्सेस पॉइंटसारखीच विचारणा करणाऱ्या स्विचलाही अनेक पत्ते असतात, आणि शेअर्ड सिक्रेट, म्हणजे दोघांतला सामायिक गुप्त शब्द, कोणतं वापरायचं हे सर्व्हर पॅकेट कुठून आलं त्यावरून ठरवतो. पत्ता बदलला की लॉगमध्ये ‘अननोन क्लायंट’. सिस्कोवर ‘आयपी रेडियस सोर्स-इंटरफेस’ ही कमांड त्यासाठीच आहे. काहीजण कंटाळून सगळ्या जगाला एकच सिक्रेट देऊन मोकळे होतात. हा शुद्ध आळस आहे, आणि धोक्याचाही.

तेव्हा सर्व्हरला दुसरं कार्ड बसवणार असाल, तर रेडियसचा पत्ता कोणता हे आधी ठरवा, दोन्हीकडच्या फायलींत लिहा, आणि मगच केबल जोडा.