पुन्हा डॉक्टरकीची परीक्षा द्यायची की नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा ठराव झाला, वीजबिलाचा झाला. आता आम्ही जो विषय काढणार आहोत तो कोणत्याच ठरावात बसत नाही. पण गावोगाव सभा संपल्यावर, पंगत उठल्यावर, मोटारसायकलपर्यंत सोडायला आलेला माणूस आवाज खाली आणून हाच प्रश्न विचारतो : "भाऊ, पोराचं नीटमध्ये दुसऱ्यांदाही जमलं नाही. अजून एक वर्ष बसवू का?" चोरी केल्यासारखा विचारतो. म्हणून आज चारचौघांत बोलायचे ठरवले.

पहिल्यांदा ही लाज काढून टाकू. २०२५ साली नीटला देशभरात २२ लाखांहून जास्त मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खाजगी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे अठरा-एकोणीस मुलांमागे एक जागा. त्यातली सरकारी, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशाला झेपेल अशी, जवळपास अर्धी. अठरा बैल पोळ्याला उभे केले आणि तोरणाचा मान एकालाच दिला, म्हणून उरलेले सतरा कामाचे नाहीत असे कोणी म्हणते काय? या परीक्षेचे काम मुलांना गाळण्याचे आहे. गाळण छोटी, पाणी फार. त्यात तुमचा पोरगा गळाला, तर तो नापास झाला असे म्हणू नका. जागा नव्हती, असे म्हणा.

एवढी गर्दी का झाली, हेही एका वाक्यात सांगून टाकतो. शेतीत राम नाही हे आपण पोरांना लहानपणापासून ऐकवत आलो, आणि गावात ज्याचे घर पक्के, ज्याला लोक उठून नमस्कार करतात, असा एकच माणूस त्याने पाहिला, तो डॉक्टर. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी मुले डॉक्टरकी हुकली म्हणून तिथे आलेली होती, आणि पहिले वर्षभर तोंड पाडून बसत होती. तेव्हा हा रोग नवा नाही.

नवे आहे ते एवढेच, की थांबायची पाटी कोणी लावलेली नाही. पूर्वी खुल्या वर्गाला २५ आणि राखीव वर्गाला ३० वर्षांची वयाची अट घातली होती, तिच्यावर कोर्टकज्जे झाले, आणि मार्च २०२२ मध्ये ती काढून टाकली गेली. किती वेळा बसायचे यालाही मर्यादा नाही. कायद्याने दार कायमचे उघडे ठेवले आहे. त्यामुळे थांबायचे कधी, ते घरानेच ठरवायचे. आणि आपली घरे ते ठरवत नाहीत, नुसती वाट पाहतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पीकपाण्याची माणसे, आम्हाला यातले काय कळते? आम्ही म्हणतो, तुम्हालाच कळते. मृगात सरकी टोबली, पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर तुम्ही काय करता? धुऱ्यावर उभे राहून रडत नाही. तासात उतरून माती उकरून पाहता. बी कुजले की करपले? खोल पडले? वाणीने खाल्ले? बियाणेच खोटे निघाले? कारण कळल्यावर मग ठरवता, की नुसत्या नांग्या भरायच्या, की सगळे मोडून दुबार पेरायचे, की कापूस सोडून तूर घ्यायची. नीटचा निकाल हातात घेऊन नेमके हेच करायचे आहे.

नांग्या भरण्याचे पाहू. या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, रसायनाचे ४५, भौतिकाचे ४५. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला एक वजा. निकालपत्रावर तिन्ही विषय वेगळे दिलेले असतात. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचे जीवशास्त्र भरघोस असते आणि भौतिकशास्त्र उगवलेलेच नसते. गणिताचा पाया आठवी-नववीतच कच्चा राहिलेला, गावातल्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी, मग अकरावीत एकदम ते ओझे कसे पेलणार? अशा मुलाने पुन्हा बसायला अर्थ आहे. त्याला कुठे खणायचे ते माहीत आहे. पण ज्याचे तिन्ही विषय दोनदा सारखेच विरळ उगवले, त्याला तोच क्लास, त्याच नोट्स आणि तीच खोली पुन्हा देणे म्हणजे खोटे निघालेले बियाणे त्याच तासात पुन्हा टाकणे आहे. पहिल्या वर्षी काय चुकले, हे मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नसेल, तर दुसऱ्या वर्षी काय बदलणार तेही त्याला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथे आपली माणसे हमखास फसतात. गुण पाहू नका, क्रमांक पाहा. २०२४ साली पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० मिळाले. पेपरफुटीचा बोभाटा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरनिकालात पूर्ण गुणवाले १७ उरले. २०२५ ला पेपर असा कठीण आला, की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. आता एखाद्याला २०२४ ला ५५० होते आणि २०२५ ला ४८० आले, तर बाप म्हणतो पोरगा घसरला. घसरला की चढला, ते क्रमांक पाहिल्याशिवाय कसे कळणार? दुष्काळी सालात एकरी तीन क्विंटल काढणारा, चांगल्या सालात पाच काढणाऱ्यापेक्षा कच्चा शेतकरी असतो काय? त्या साली शेजाऱ्याला किती झाले, ते विचाराल की नाही? दोन्ही वर्षांचे क्रमांक शेजारी शेजारी मांडा. राज्याच्या प्रवेशफेरीत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला, ते राज्याच्या सीईटी कक्षाच्या याद्यांत छापलेले असते. त्याच्या जवळ पोचला असेल तर एक वर्ष द्या. दुप्पट-तिप्पट अंतर असेल आणि दोन वर्षांत ते कमी झालेले नसेल, तर आणखी एका वर्षाने ते भरून निघेल असे मानायला आधार काय?

आणि 'पात्र' या शब्दाला भुलू नका. २०२५ साली खुल्या वर्गाचा मुलगा ७२० पैकी १४४ गुणांना पात्र ठरला. असे १२ लाखांवर पात्र आणि जागा सव्वा लाख! हा शब्द ज्यांच्या फायद्याचा, ते दलाल निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून फोन करतात. अमुक राज्यात डोनेशनवर जागा आहे, तमुक देशात स्वस्तात एमबीबीएस आहे, दोन एकर विकले की झाले. परदेशी शिकून आलेल्याला इथे वैद्यकी करण्याआधी आणखी एक परीक्षा असते. तिच्यात २०२४ च्या जूनमध्ये पाचात एकाच्या आसपास पास झाले. हे दलाल सांगत नाही. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून हजारो मुलांना अर्ध्यावर शिक्षण टाकून परतावे लागले, तेही सांगत नाही.

क्लासवाल्यांचेही तेच. लातूर, नांदेड, अकोल्यात चौकाचौकात फलक लागतात, शंभर हसरी तोंडे. शिकवणारे चांगले आहेत, यात वाद नाही. आपल्या मागास भागातून इतकी मुले डॉक्टर झाली त्यात त्यांचा वाटा आहे. पण बियाण्याची कंपनी पत्रकावर कोणाचा फोटो छापते? एकरी वीस क्विंटलवाल्याचा. ज्याच्या शेतात तेच बी उगवले नाही, त्याचा फोटो तुम्ही कधी पाहिला आहे काय?

आता पैशाचे. क्लास, खोली आणि डबा धरून वर्षाला दीड लाख समजा. तुमच्याकडे आकडा वेगळा असेल तर तो घाला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे साडेअठरा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर साडेचार एकरांतले सगळे बोंड. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यातले काहीही वजा न करता! संकरित ज्वारीत मोजाल तर ३,६९९ च्या हमीभावाने चाळीस क्विंटल. तेही हमीभाव पदरात पडला तर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ते दार वर्षअखेरपर्यंत उघडे ठेवले, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आमचे म्हणणे एवढेच, की मागच्या दोन वर्षांत तीन लाख गेले म्हणून तिसऱ्या वर्षी दीड लाख घालायचे, हा हिशेब नव्हे. करपलेल्या सरकीचे पैसे दुबार पेरणीने परत मिळत नाहीत. दुबार पेरणी करायची ती पुढचे आभाळ पाहून. आणि जमीन गहाण टाकून तर कधीच नाही. सावकाराचा कागद झालेल्या घरातले पोर पेपर सोडवताना बापाचा सात-बारा डोळ्यापुढे ठेवून बसते.

मायबहिणींनो, आता एक कडू बोलतो. मुलगा दोनदा हुकला तर तिसऱ्यांदा बसवायची चर्चा होते. मुलगी एकदा हुकली, की सोयरिकीची चर्चा सुरू होते. क्रमांक मुलीचा पुढे असला तरीही! ज्या घरात एकाच मुलाचा खर्च झेपणार आहे, तिथे दोघांची निकालपत्रे शेजारी ठेवा आणि जिचे अंतर कमी तिला पाठवा. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास मुलींना, प्रवेशफेरीतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणात शिकवणी आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ती सवलत नाही. तेव्हा आपल्याच हिशेबानेही मुलगी स्वस्त पडते. हे वाक्य बोलायला आम्हाला बरे वाटत नाही, पण हिशेबच ऐकणाऱ्यांना हिशेब सांगावा लागतो.

जुलैचा पंधरवडा उलटला की कोरडवाहूत कापूस पेरू नका, असे आम्ही कृषी पदवीधर तुम्हाला बजावतो. तूर घ्या, सूर्यफूल घ्या, एरंडी घ्या म्हणतो. पण त्याचे बी घरात आधी आणून ठेवलेले लागते. याच नीटच्या क्रमांकावर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाचे प्रवेश होतात. नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचेही होतात. गाभण म्हैस अडली असताना तालुक्याला फोन करून थकलेल्या माणसाला पशुवैद्य कमी वाटतो काय? बी. एस्सी. कृषीला मात्र राज्याची वेगळी सीईटी द्यावी लागते, आणि तिचा अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. तो भरलेला नसेल, तर जूनमध्ये मुलाला नाइलाजाने पुन्हा नीटच द्यावी लागते. कित्येक घरांत तिसरे वर्ष असेच ठरते. ते कोणी ठरवलेले नसते, दुसरा अर्ज भरलेला नसतो. दुसरीकडे प्रवेश घेऊन पुन्हा बसायचा विचार असेल, तर जागा सोडताना किती पैसे भरावे लागतात आणि मूळ कागद कधी परत मिळतात, ते माहितीपुस्तिकेत आधी वाचा.

शेवटचा मुद्दा पोराचा स्वतःचा. २०२३ साली राजस्थानातल्या कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. हा शब्द आपल्या मुलखाला नवा नाही, म्हणून त्याची खूण आपल्याला लवकर ओळखता आली पाहिजे. पोरगा फोन उचलेनासा झाला, जेवेनासा झाला, 'तुमचे पैसे वाया घालवले' असे वारंवार म्हणू लागला, तर पेपर बाजूला ठेवा, एसटी पकडा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. आणि त्याला एकट्याला विचारा, मामा-काका समोर नसताना : तुला पुन्हा बसायचे आहे का? 'तुम्ही म्हणाल तसं' हे उत्तर होकार धरू नका. तो 'नाही' म्हणत असतो, फक्त त्याला तसे म्हणायचा धीर होत नाही. पुन्हा बसायचे ठरले, तर त्याच दिवशी हेही ठरवा की यापुढे वर्ष वाढणार नाही, आणि जानेवारीत सराव परीक्षांचे आकडे घेऊन दोघे पुन्हा बसतील.

चहा झाल्यावर आम्ही मागच्या खोलीत थांबणार आहोत. ज्यांनी निकालपत्रे आणली आहेत त्यांनी दोन्ही वर्षांची आणावीत, जातपडताळणीचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा कागद कुठवर आला तेही सांगावे. मुले बाहेर गाडीवर बसली आहेत ती दिसताहेत आम्हाला. त्यांना आत बोलवा.