बोटांचा हिशेब

(नालासोपारा पूर्वेच्या एका वस्तीत तरुण कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला भाषण येत नाही. मी प्रेसवर काम केलेला माणूस. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय आहे, तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

हा माझा उजवा हात. दोन बोटं नाहीत. २०१२ साली वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसखाली गेली. मी पंचवीस वर्षांचा होतो, पगार आठ हजार. गाळ्यात आम्ही सातजण. प्रेसचा गार्ड शेठनं कधीच काढून ठेवलेला. गार्ड असला की माल कमी निघतो, हे त्याचं गणित. रात्रपाळी होती. डायमधून पीस काढताना हात आत राहिला. शेठनं गाडीत घालून खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं कागदावर लिहिलं, 'घरी दारात हात सापडून दुखापत.' तिसऱ्या दिवशी शेठ खोलीवर आला. आईच्या हातात पाच हजार ठेवले आणि एका टाईप केलेल्या कागदावर माझा डावा अंगठा उठवून घेतला. मला सही येते हो, दहावी झालोय. पण सही करणारा हात बँडेजमध्ये होता. आई म्हणाली, "देवमाणूस आहे बाबा शेठ. दुसऱ्यानं हाकलून दिलं असतं."

मित्रांनो, आपण मरतो ते इथं. पिढ्यान्‌पिढ्या उष्टं वाढणाऱ्याला आपण धनी म्हणत आलो. ती सवय रक्तात अशी भिनली की हक्काचा पैसासुद्धा आपण भीक समजून कपाळाला लावतो.

आता हिशेब ऐका. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, लागू झाला १९२४ च्या जुलैत. त्यात रक्कम शेठच्या मर्जीवर नव्हती, ती काढायची रीत ठरलेली होती. पगाराचे साठ टक्के घ्या, माझे झाले ४,८०० रुपये. त्याला वयाच्या आकड्यानं गुणा. पंचविसाव्या वर्षाचा आकडा २१६.९१. झाले १० लाख ४१ हजार १६८. ही कायमचं पूर्ण निकामी झालेल्या माणसाची रक्कम. एका हाताच्या दोन बोटांचे वीस टक्के. म्हणजे २ लाख ८ हजार २३३ रुपये. शिवाय दवाखान्याचा खर्च वेगळा.

आईच्या हातात पडले पाच हजार.

मला हे कळलं तिसऱ्या वर्षी. दावा करायची मुदत दोन वर्षं. सबळ कारण असलं तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्ताला होता, पण तेही मला कुणी सांगितलं नाही. शेठला सगळं ठाऊक होतं. त्याच्याकडं वकील होता, माझ्याकडं बँडेज.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. पण गाभा तोच राहिला आहे, म्हणून चार गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा.

एक. हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद रद्दी आहे. त्यावर तुमचा अंगठा असो, सही असो, कायद्यापुढं तो टिकत नाही. माझाही टिकला नसता.

दोन. "तुझ्याच चुकीनं झालं" या बोलण्याला भिऊ नका. साध्या निष्काळजीपणानं भरपाई बुडत नाही. तुम्ही दारू प्यायला होतात, किंवा मुद्दाम गार्ड काढलात, असलं काही मालकालाच सिद्ध करावं लागतं. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हीही सबब चालत नाही.

तीन. "तू ठेकेदाराचा माणूस" म्हणून मोठा मालक हात झटकू शकत नाही. त्याच्या धंद्याचं काम त्याच्या जागेत चाललं असेल तर भरपाई त्याच्याकडून मागता येते. मग त्यानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

चार. कामावर जाता-येता झालेला अपघातही आता संहितेत धरला आहे. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध मात्र दाखवावा लागतो. विरार लोकलला लोंबकळणाऱ्यांनो, ऐकताय ना?

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं ईएसआयसीचा प्रश्न येतो. मग पैसा तिकडून मिळतो. पगारातून पैसे कापतात आणि नंबर देत नाहीत, असं असेल तर आजच विचारा. त्या योजनेची पायाभरणी झाली तेव्हा व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेब. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आपण पहिल्याविरुद्ध घोषणा देतो आणि दुसऱ्यापुढं अंगठा उठवतो.

आता विरारचं बोलतो. ९ एप्रिल २०२४ ला विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत सांडपाण्याच्या खाजगी प्लँटमध्ये सफाई करताना चार कामगार मेले. माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा. तो होऊन दहा वर्षं उलटली होती. गटारातल्या मरणासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाख ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केले. कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तिघं मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये न्यायालयानं सरकारलाच प्रत्येकी दहा लाख द्यायला लावले. जागा खाजगी, ही सबब चालली नाही. त्या तीन बायका घरी बसल्या असत्या तर? हे काम कुणाच्या माथी मारलं गेलं ते इथं सांगायची गरज नाही. मेल्यावर तरी किंमत त्यांनी ठरवायची नाही, एवढं आपल्या हातात आहे.

म्हणून सांगतो. अपघात झाला की डॉक्टरला स्वतः सांगा, कामावर लागलं, अमुक मशीनवर लागलं. तसंच लिहून घ्या. पोलिसात नोंद करा. मशीनचा, गाळ्याच्या पाटीचा फोटो काढा. हजेरीची वही, पगाराचे मेसेज जपून ठेवा. शेजारच्या मशीनवाल्याचा नंबर घ्या, गावाला गेला की तो सापडत नाही. मालकाला लेखी कळवा. दावा राहत्या ठिकाणीही करता येतो. महिन्यात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, वर दंडही बसू शकतो.

आणि कुणी खोलीवर पाकीट घेऊन आला तर कागदावर काही उठवायच्या आधी माझं दार वाजवा. रात्री दोन वाजले तरी चालेल. मला झोप कमीच लागते, नसलेली बोटं अजून दुखतात.

जयभीम.