सायकल जुनी, हँडल नवं



मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, वही लिहून झाली, सगळ्या उठायला लागल्या तेव्हा आमच्यातली एक सून हळूच म्हणाली, “ताई, माझी सायकल भंगारात द्यायची म्हणतात घरचे. मला चालवणं होत नाही ना आता.”

ही सायकल तिची शाळेतली. आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून ८वी ते १२वीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, शाळा ५ किलोमीटरच्या आत असेल तर. तिला ८वीत मिळाली होती. लग्नानंतर ती सायकल सासरी आली, वावर गाठायला कामी पडली. पण गेल्या दिवाळीपासून चालवली की मान धरायची, बोटांना मुंग्या यायच्या. म्हणून बाई डबा डोक्यावर घेऊन पायी वावरात जायची, जायचे चार किलोमीटर आणि यायचे चार. पोहोचेपर्यंत उन्हं वर आलेली. घरचे म्हणायचे, सायकल म्हातारी झाली.

आम्ही जाऊन पाहिलं. सांगाडा सरळ, चेन ठीक, टायर अजून वर्षभर निघतील असे. हँडल मात्र तेरा वर्षांच्या मुलीसाठी बसवलेलं, तिथंच खाली रुतलेलं. त्यातून मधल्या काळात तिच्या भावानं हौसेनं गिअरच्या सायकलीसारखं सरळ दांडीचं हँडल बसवून दिलेलं. ती बसली की कमरेतून वाकायची आणि अंगाचा सगळा भार तळहातावर यायचा. तळहाताच्या बुडाशी शीर दाबली गेली की बोटं बधिर होतात. सायकल म्हातारी झाली नव्हती, बाई मोठी झाली होती.

तुमच्याकडे अशी सायकल असेल तर आधी सीट बघा. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट जुळल्यावरच हँडलकडे वळायचं, उलट केलं तर दोनदा काम पडतं. हँडलच्या मुठी सीटच्या बरोबरीला किंवा दोन-चार बोटं वर असाव्यात, आणि मूठ धरल्यावर कोपर थोडं दुमडलेलं राहावं. आपल्याला बरं पडतं ते मागं वळलेलं, जुन्या लेडीज सायकलीला असायचं तसं हँडल. त्यात मनगट नैसर्गिक राहतं, पाठ सरळ राहते. सरळ दांडी पोरांना शोभते, साडी नेसून डबा नेणाऱ्या बाईला नाही, असं आमचं मत आहे.

आता हँडल बसतं कसं ते बघू. हँडलच्या मधोमध खाली एक नळी असते, दुकानदार तिला स्टेम म्हणतो. ती पुढच्या चिमट्याच्या नळीत आत उतरलेली असते. तिच्यातून वरून खाली एक लांब बोल्ट जातो आणि बोल्टच्या टोकाला लोखंडी पाचर असते. बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते, आत फुगते आणि नळी घट्ट धरते. म्हणून नुसता बोल्ट सैल करून हँडल ओढलं तर येत नाही. बोल्ट दोन-तीन आटे सैल करा, सगळा काढू नका. त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं एक-दोन ठोके द्या. पाचर खाली सुटते, मग पुढचं चाक पायात धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. गंजून बसलं असेल तर सांध्यावर तेल सोडून रात्रभर ठेवा. जोर करून उपटायला जाऊ नका.

इथं आमची एक चूक सांगतो. उंच हवं, उंच हवं करत आम्ही तेच जुनं स्टेम जितकं येईल तितकं वर ओढलं आणि बोल्ट आवळून दिला. तिला बसायला एकदम आरामशीर वाटलं. आपला जिल्हा काही सगळा सपाट नाही. मलकापूर-नांदुऱ्याकडे पूर्णेचं सपाट रान आहे, पण राजूर घाट चढून वर आलं की वावराच्या वाटेलाही चढ-उतार. उतारावर ब्रेक दाबला आणि हँडल हातात डुगडुगलं. ती पाय टेकवून थांबली म्हणून निभावलं. नळी काढून पाहिली तर जेमतेम दोन बोटं आत होती. स्टेमवर आडव्या रेघांची एक खूण असते, ती खूण बाहेर दिसता कामा नये. जुन्या स्टेमवर खूण पुसलेली असली तर निदान अडीच इंच, म्हणजे आपली चार बोटं, नळी आत राहिलीच पाहिजे. एवढ्यानं उंची पुरत नसेल तर लांब स्टेम विकत घ्यायचं.

ते घ्यायला जाताना जुनं स्टेम आणि हँडल दोन्ही पिशवीत टाकून न्या. सगळ्या सायकलींच्या नळ्या एका जाडीच्या नसतात. केसभर जाड असेल तर आत जात नाही, केसभर बारीक असेल तर कधीच घट्ट बसत नाही. मग कुणी पत्र्याची पट्टी घालून देतो, ती घेऊ नका. आणि तुटलेल्या हँडलला वेल्डिंग मारून आणायची आपल्याकडे भारी सवय आहे. विळ्याची मूठ वेल्डिंगची चालेल, हँडल नाही. ते पुन्हा तुटतं ते सांध्याच्या बाजूलाच, आणि आधी सांगून तुटत नाही.

घरातली सायकल जुनी काळी, सळईच्या ब्रेकची असेल तर तिचे ब्रेक हँडललाच जोडलेले असतात. तिथं दुसऱ्या आकाराचं हँडल बसवायच्या भानगडीत पडू नका. खुणेपर्यंत वर घ्या आणि सळईचा छोटा नट सैल करून सळई जुळवून घ्या. मात्र तार-ब्रेकच्या सायकलीला हँडल वर गेलं की तार आखूड पडते. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा. तार ताणली जात असेल, वळवताना ब्रेक आपोआप लागत असेल, तर लांब तार घालावीच लागते. आमचं हँडल, स्टेम, दोन तारा आणि मुठी मिळून साडेपाचशे रुपयांत झालं. गटातून कर्ज काढायची वेळ आली नाही, पण काढलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

बसवताना नळीला ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतरही निघेल. आवळल्यावर पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल जोरानं पिळा. हललं तर पुन्हा आवळा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. मानेशी टकटक वाजलं तर तिथले छर्रे किंवा कोन सैल आहेत, ते मेकॅनिककडून बघून घ्या. आठ दिवसांनी बोल्टला पुन्हा एकदा पाना लावा, नवी पाचर बसायला वेळ घेते. आणि पाण्याची कॅन, भाजीची पिशवी हँडलला लटकवू नका, ओझं मागच्या कॅरिअरवर.

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकात साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. त्यातल्या बऱ्याच जणी मुद्दाम जेन्ट्स सायकल मागायच्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर लेकरू बसवता येतं. सायकल आपल्या कामाला जुळवून घ्यायची ही युक्ती आमच्या सूनबाईला फार आवडली. तिनं मागच्या कॅरिअरला लेकीसाठी गादी शिवली आहे.

ती आता दिवस डोक्यावर यायच्या आत वावरात पोहोचते. उरलेलं सरळ हँडल भावाला परत पाठवलं. गटात अजून तीन सायकली आहेत. येत्या शनिवारी आम्ही पाने आणि ग्रीसचा डबा घेऊन बसणार आहोत. तुमचं जुनं स्टेम पडून असेल तर फेकू नका, कुणाच्या ना कुणाच्या नळीत बसेल.